फिटरकाकाजींचा चौथा टँक

सीताबर्डीच्या त्या खेळण्यांच्या दुकानात फिटरकाकाजी जोडायच्या रणगाड्याचा डबा उघडायला लावायचे आणि तोफेकडे ढुंकूनही पाहायचे नाहीत. डब्यावर जर्मन टायगर टँकचं चित्र असायचं. तोफ पुढे ताणलेली, मागे धूर, बाजूला धावणारे सैनिक. गिऱ्हाईक त्या चित्रावर भाळतं. काकाजी झाकण पालथं करून बाजूला ठेवायचे, सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटींना लागून येतात त्या एकेक करून उजेडाकडे धरायचे आणि टँकचं पोट शोधायचे. पोट म्हणजे खालची बाजू, जी टेबलाकडे असते आणि जन्मात कोणी बघत नाही. "इथी पाह्य," मला म्हणायचे, "सपाट पाटी देल्ली. एक बोल्ट नाही. कोनी खालून पाहत नाही म्हनून खाली काही करतच नाही हे लोकं. खदानीतही असंच हाय." आणि डबा परत.

दुकानदार वैतागायचा. एकदा तो म्हणाला, "अंकल, टँक लेना है कि घर के लिए बहू देखना है?" मी भडकले. बायकांना डब्यातला माल समजणाऱ्या त्या वाक्यावर मी तिथंच उभ्या उभ्या भाषण दिलं. दोन गिऱ्हाइकं निघून गेली. काकाजींनी भाषण पूर्ण होऊ दिलं आणि मग दुकानदाराला शांतपणे विचारलं, आतली चाकं सुटी येतात का म्हणून.

कन्हानच्या पलीकडे कोळशाची उघडी खाण आहे. तिथं काकाजींनी तीस वर्षं डोझर आणि मोठी खोदयंत्रं दुरुस्त केली. निवृत्त होऊन ते नागपुरात इंदोऱ्यात, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आले. बायको आधीच गेलेली, मुलगा बंगळुरूला. पेन्शनच्या कागदावर त्यांचं नाव वेगळं होतं, पण गल्लीत कोणी ते वापरत नसे. मीही इथं वापरणार नाही. त्या नावाची सही असलेला एक कागद जगात आहे, त्याबद्दल सांगायचंच आहे. तेवढी बदनामी त्या नावाला पुरे.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती हकिकत मागायला. आमची संघटना कंत्राटी कामगारांची. खाणीतल्या अपघातांवर पत्रक काढायचं होतं आणि जुने कामगार तोंड उघडत नव्हते. कोणीतरी म्हणालं, फिटरकाकाजींना विचार, त्यांच्या डोळ्यांसमोर झालेलं आहे. मी जिना चढून आत गेले. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखालच्या फळीवर तीन नाझी टँक. माझं डोकं फिरलं. चहा यायच्या आत मी त्यांना विचारलं, हे घरात मांडताना लाज कशी वाटत नाही तुम्हाला? गॅसच्या भट्ट्या कोणाच्या होत्या ते माहीत आहे का?

"बस वं आधी," ते म्हणाले. "ओरडाचं ते ओरड, पन चाकाकडं पाहून ओरड."

मी पाहिलं. तिन्ही टँकवर जर्मन फौजेचा क्रूस नव्हता. निशाण्यांचे चिकटकागद ते डबा उघडला की आधी फाडून टाकायचे. एकाही टँकवर सैनिक नव्हता. आणि प्रत्येक टँकची दोन-चार चाकं काढून बाजूला ठेवलेली होती, गॅरेजमध्ये गाडी उभी असावी तशी. "हा लढून नाही राहिला," काकाजी म्हणाले. "हा बिघडला हाय."

मग त्यांनी मला चाकं समजावली. टायगरची चाकं एकापुढे एक अशी सरळ नव्हती, एकात एक गुंतवलेली होती. आतलं एक चाक बदलायचं तर बाहेरची सात-आठ आधी काढायची. चिखलात, बर्फात, वरून गोळे पडत असताना. "हे ज्यानं बनवलं त्यानं जिंदगीत पाना धरला नसन," ते म्हणाले. "टेबलावर बसून बनवलं. मरते कोन? खाली झोपनारा. तो बी फिटरच न वं. त्याले कोनी विचारलं होतं का?" मी म्हणाले, तो नाझी फौजेतला फिटर होता, त्याच्याबद्दल मला एक थेंब दया नाही. ते म्हणाले, बरं. यावर आमचं शेवटपर्यंत पटलं नाही. आजही माझं मत तेच आहे.

त्या दिवशी त्यांनी अपघाताबद्दल एक शब्द सांगितला नाही. माझ्या पत्रकाचा मसुदा मात्र मागून घेतला आणि पुढच्या रविवारी ये म्हणाले. गेले, तर पत्रकावर पेन्सिलीच्या रेघा. 'मृत्यूचा सापळा', 'रक्तपिपासू व्यवस्थापन', 'कामगारांच्या प्रेतांवर उभे राहिलेले इमले' यांच्याखाली एकेक रेघ आणि शेवटी बारीक अक्षरात लिहिलेलं : पाळी कोणती? जॅक कोणाच्या हातात होता? खाली लाकडं लावली होती का? मी विचारलं, पत्रक वाईट आहे का? "नाही वं, बरोबर हाय सारं," ते म्हणाले. "फक्त माहिती नाही." मी रागाने पत्रक फाडलं, आणि घरी जाऊन पुन्हा लिहिलं ते त्या तीन प्रश्नांची उत्तरं गोळा करूनच. त्यानंतरचं प्रत्येक पत्रक छापायला गांधीबागेत नेण्याआधी मी इंदोऱ्याला नेत असे. ते मला नावाने हाक मारायचे नाहीत. जिन्यात चपलेचा आवाज आला की आतून म्हणायचे, "ये पत्रकवाली, काय जाळून आली आज?"

साखळी हा त्यांचा दुसरा ध्यास. रणगाड्याच्या पट्ट्याला ते साखळीच म्हणत. सायकलची, झोपाळ्याची, बँकेच्या दारातली, कुठलीही साखळी दिसली की ते वाकून तिचा झोल पाहायचे. "लोखंडाले वजन असते," म्हणायचे, "वजन असलं का ते मधात लोंबनारच. जे लोंबत नाही ते लोखंड नाही." म्हणून त्यांचा पहिला टँक वाया गेला होता. जपानी डबा होता, प्रत्येक भाग दुसऱ्यात असा बसायचा की गोंद लावायला लाज वाटावी. पण साखळी अखंड रबराची, चाकांवर घट्ट ताणलेली. ते म्हणायचे, ही केस बांधायची रिबीन आहे. दुसरा चिनी होता, आत इंजिनापासून ड्रायव्हरच्या आसनापर्यंत सगळं, शेकडो तुकडे. साखळीही एकेका कडीची. पण चाकांच्या आतल्या जोड्या एकत्रच ओतलेल्या, त्यामुळे आतलं चाक काढता यायचं नाही. तिसरा मुलाने पाठवलेला, आगपेटीएवढा. मुलगा चांगला आहे, पण त्याने फोटो पाहून घेतला आणि माप वाचलं नाही. तोही काकाजींनी इमानदारीने जोडला, भिंगाखाली, दोन महिने घालवून.

आता त्यांना चौथा हवा होता, आणि तो सगळ्यांत चांगला हवा होता. जगात चांगला टँक म्हणजे रंगरंगोटी, तोफेची नळी, बुरुजावरची बारीक नक्षी. काकाजींच्या अटी तीनच होत्या. साखळी प्रत्येक कडीत खिळा घालून जोडलेली, म्हणजे कुठंही उघडता येईल अशी. आतलं चाक सुटं. आणि पोट खरं, सगळ्या झाकण्यांसकट आणि बोल्टांसकट. मी चेष्टेने म्हणाले, उताणा ठेवणार आहात काय? ते हसले नाहीत.

त्या दिवशी त्यांनी सांगितलं. उन्हाळ्याची दुपार होती, कूलरच्या आवाजात त्यांचा आवाज मला नीट ऐकू येत नव्हता आणि कूलर बंद करा असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

वीस-बावीस वर्षं झाली असतील. काकाजींचा जोडीदार मोतीराम, कन्हानचा. दोघांनी बारा वर्षं एका पाळीत काम केलेलं. एका डोझरचा आतल्या अंगाचा रोलर, म्हणजे साखळीतलं चाक, जाम झाला होता. पोटाखाली शिरल्याशिवाय त्याचे बोल्ट हाताला लागत नाहीत. नियम असा की जॅकवर उचललं तरी खाली जाड लाकडी स्लीपरची चळत लावायची, म्हणजे जॅक सरकला तरी यंत्र लाकडांवर बसतं, माणसावर नाही. लाकडं स्टोअरमध्ये, आणि स्टोअरला कुलूप होतं. काकाजी किल्ली आणायला गेले. पाळीचा साहेब तिथं आला, यंत्र उभं का म्हणून ओरडला, आणि मोतीरामला म्हणाला, पाच मिनिटांचं काम आहे, शीर खाली. मोतीराम नाही म्हणाला. साहेब म्हणाला, मग उद्यापासून घरी बस. काकाजी किल्ली घेऊन परत येत होते तेव्हा त्यांनी हे ऐकलं, लांबून. ते धावले. जॅक भुसभुशीत मातीवर होता.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांच्यापुढे कागद ठेवला. कामगार सूचना न पाळता, कोणाला न सांगता, आपल्या मर्जीने यंत्राखाली गेला. साक्षीदार म्हणून सही इथं. काकाजींनी केली. मुलगा बारावीला होता. नोकरी जाईल अशी भीती होती. एवढ्या वर्षांत त्या साहेबाचं काही वाकडं झालं नाही, तो मजेत निवृत्त झाला. आणि कन्हानला मोतीरामच्या बायकोला, सुमनबाईंना, सगळं गाव सांगत राहिलं की तुझा नवरा स्वतःच्या मूर्खपणाने मेला.

असल्या साहेबांवर मी चार पत्रकं लिहिली आहेत. पाचवं तिथंच डोक्यात सुरू झालं. मी म्हणाले, काकाजी, हे आपण लिहू, तुमचं नाव टाकू, मोर्चा नेऊ. ते म्हणाले, "माहं नाव टाक, कायबी कर. पन आधी सुमनबाईले सांगाचं हाय. आणि मले सांगता येत नाही. दोनदा गेलो मी कन्हानच्या फाट्यावर. तोंडच उघडत नाही वं. मंग म्हनलं, दाखवतो. चाक काढून, साखळी उघडून, पोट वर धरून. तिले आपोआप दिसन का इथी तो होता आणि लाकडं नव्हते. मले बोलाची गरजच नाही पडनार."

मग टँकच का, डोझर का नाही, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फारच लहान आहे. "आमच्या डोझरचा डबा कोन काढन? मारनारी मशीन साऱ्यायले पाहिजे. खोदनारी कोनाले पाहिजे?"

इथून पुढचं सांगताना मला माझा राग कोणावर काढू कळत नाही.

शेजारच्या पोराने मोबाइलवर शोधून दिला. अगदी तोच टँक. खिळ्यांची साखळी, सुटी चाकं, आणि पोटाचा वेगळा फोटो दिलेला, त्यावर बोल्टांच्या रांगा. काकाजी तो फोटो बोटांनी मोठा करून करून पाहत होते. एका मोठ्या ऑनलाइन कंपनीकडे होता, चार दिवसांत घरपोच. त्याच कंपनीच्या मिहानकडच्या गोदामातल्या पोरांसाठी आम्ही तेव्हा गेटवर उभे होतो. बारा-बारा तास उभं राहून काम, पाणी प्यायला गेलं तर हजेरी कापली. आम्ही बहिष्काराची हाक दिली होती. पत्रक माझंच होतं. मी काकाजींना म्हणाले, हे मी होऊ देणार नाही. तुमचा टँक एखाद्या पोराच्या पाठीवर बसून येणार असेल तर तो मोतीरामचा अपमान आहे.

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

काकाजींनी मोबाइल पोराला परत दिला. "बरोबर हाय," म्हणाले. "असा नको." त्यांनी ते माझ्यापेक्षा मनापासून म्हटलं. मला निदान आपण जिंकलो याचा आनंद होता, त्यांना तसलाही काही नव्हता. सीताबर्डीच्या दुकानदाराला सांगितलं. तो मुंबईच्या व्यापाऱ्याकडून मागवतो म्हणाला, महिनाभरात येईल.

आला पाच महिन्यांनी, दिवाळीनंतर.

उन्हाळ्यात काकाजींच्या उजव्या हाताचा अंगठा थोडा हलायचा. मला वाटायचं, वय. डॉक्टर कंपवात म्हणाले. पोळ्याच्या सुमारास डावा हातही हलायला लागला. दसऱ्याला मी गेले तेव्हा ते चहा बशीत ओतून, बशी टेबलावरच ठेवून, वाकून पीत होते. मला पाहून म्हणाले, गरम आहे म्हणून. दर रविवारी दुकानात फोन करायचे. दुकानदार आता टोमणे मारत नसे, त्यालाही कळलं होतं. ऑनलाइन मागवू का, असं मी एकदा विचारलं. खरं सांगते, एकदाच, आणि तेही अर्ध्या आवाजात. "आता काहून?" ते म्हणाले. "गेटवरचे पोट्टे काय आता घरी जाऊन बसले का?"

डबा आला त्या दिवशी त्यांनी तो स्वतः उघडला. पाव तास लागला. पोटाची पाटी दोन्ही हातांत धरून खिडकीशी नेली, आणि हात हलत होते म्हणून मला पाटी धरायला लावून स्वतः डोकं फिरवून फिरवून पाहिलं. झाकण्या होत्या. बोल्ट होते. एका झाकणीच्या कडेला ओरखड्यासारखी खूण होती, पाना घसरल्यावर होते तशी. काकाजींनी त्या खुणेवरून नख फिरवलं. मग म्हणाले, "हा बनवनारा एकदा तरी खाली झोपला असन."

पण जोडणार कोण? पहिला खिळा त्यांनी चिमट्यात धरला तेव्हा तो टेबलावर पडला, मग जमिनीवर पडला, आणि तिसऱ्यांदा पडला तेव्हा त्यांनी चिमटा माझ्यापुढे सरकवला. मला हाताने करायचं कुठलंच काम येत नाही. मी पत्रक चिकटवते तेही वाकडं. सहा आठवडे मी त्यांच्या टेबलाशी बसले, प्रत्येक रविवारी आणि जमेल तेव्हा मधल्या दुपारी. चाकांच्या कडा घासल्या, कड्या जोडल्या, बोटं गोंदाने चिकटवून घेतली. त्यांनी मला आयुष्यात कोणी बोललं नसेल इतकं बोलून घेतलं. "तू हात घेऊन नाही, हातोडा घेऊन जन्मली वं." "हळू, तो खिळा हाय, मंत्री नाही." साखळीचा झोल मात्र पहिल्याच दिवशी बरोबर आला, त्याबद्दल मला साखर जास्त घातलेला चहा मिळाला.

शेवटी एक आतलं चाक काढून ठेवलं, साखळी एका कडीशी उघडली, टँक एका बाजूने जॅकवर उचलला. जॅक मी पेनाच्या झाकणाचा केला. मग काकाजींनी कपाटातून कुल्फीच्या काड्या काढल्या. तासून, काळ्या करून ठेवलेल्या. अंगठा हलायला लागला त्याच्या आधीच कधीतरी केल्या असणार. म्हणाले, हे स्लीपर पोटाखाली रच. आडवे-उभे, चळतीने.

मी चिमटा खाली ठेवला. मी म्हणाले, त्या दिवशी लाकडं नव्हती. आपण खरं दाखवणार होतो. लाकडं ठेवली तर सगळं खोटं होईल, तुमच्या त्या कागदासारखं.

ते रागावतील असं वाटलं. रागावले नाहीत. "हव," म्हणाले, "नव्हते. ते मी तोंडानं सांगीन तिले. सांगतोच आता, काही झालं तरी. पन मोतीराम तिथी शिरन न वं पुन्हा. प्रत्येक टायमाले शिरन, कोनी पाह्यलं का शिरन. तू ठेव लाकडं."

मी ठेवली.

रविवारी कन्हानला जायचं ठरलं. रविवारी सकाळी त्यांचा फोन आला, रंग ओला आहे, बोट लागलं तर डाग पडेल, पुढच्या रविवारी जाऊ. रंग ओला नव्हता, मला माहीत होतं. ओढून न्यायला हवं होतं. लोकांना घरातून ओढून बोलतं करणं हाच तर माझा धंदा आहे. पण मी म्हणाले, ठीक. पुढच्या रविवारी गोदामाच्या गेटवर सभा ठेवली होती, म्हणून मीच म्हणाले, काकाजी, आणखी एक आठवडा. "जा वं, तुही लढाई आधी," ते म्हणाले. गुरुवारी दुपारी ते जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. शेजारच्या पोराने मला फोन केला. मी तेव्हा पुढच्या सभेचं पत्रक लिहीत होते. वाक्य अर्ध्यावर होतं, ते तसंच आहे.

मुलगा बंगळुरूहून आला. सगळं नीट केलं त्याने. फळी रिकामी करताना विचारलं, ही खेळणी कोणाला द्यायची? मी चौथा टँक मागून घेतला.

कन्हानला एकटी गेले. सुमनबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, कपाळावर आडव्या रेघा, बोलायला कमी. दारात त्यांची मुलगी उभी होती, माझ्याच वयाची. बाप गेला तेव्हा ती रांगत होती. मी खोका उघडला, टँक जमिनीवर ठेवला आणि सांगायला लागले. सभेत सांगते तसं, क्रमाने. स्टोअरचं कुलूप, साहेबाची धमकी, भुसभुशीत माती. मोतीराम नाही म्हणाला होता, हे मी दोनदा सांगितलं. मग कागदाचं सांगितलं. काकाजींनी सही केली, असं मी म्हणाले. ते म्हणताना मला कळलं की या वाक्याचा माझ्या तोंडी काही उपयोग नाही. 'मी सही केली' असं म्हणणारा माणूस तिथं हवा होता. मी कितीही खरं बोलले तरी ती चहाडी होती.

सुमनबाईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. टँकला हात लावला नाही. जमिनीला गाल टेकून, खालून पाहिलं.

"इथी होता?"

मी हो म्हणाले.

"आन् हे लाकडं?"

मी म्हणाले, त्या दिवशी नव्हती. काकाजींनी आता ठेवायला लावली.

त्या उठून बसल्या, गालाची माती पुसली. "माहा माणूस लाकडं लावल्याबिगर खाली जानारा नव्हता," म्हणाल्या. "साऱ्यायले सांगून थकली मी. सासू म्हने, तू पाह्याले गेलती का. तिथला एक माणूस येऊन नुसता हव म्हनला असता तं..." त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं, पण शेंग हातात घेतली नाही.

मी घाईने सांगू लागले की ते येणार होते. फार इच्छा होती त्यांची. हात हलायचे, कंपवात होता, महिने गेले त्यात.

"हात हलत होते," मुलगी दारातून म्हणाली. "तोंड तं चालत होतं न? नागपूर काय विलायतेत हाय? काहून नाही आले ते?"

मी पत्रकं लिहिते. उत्तरं माझ्याकडे तयार असतात. भीतीबद्दल सांगता आलं असतं, व्यवस्थेबद्दल सांगता आलं असतं, गोदामाच्या गेटबद्दलही. सुमनबाई माझ्याकडे पाहत होत्या, आणि त्यांच्यापुढे आणखी एक तयार कागद ठेवायचं माझ्याने झालं नाही.

"आम्ही चांगला टँक शोधत होतो," मी म्हणाले.